साडीगार्ड

माझी नात ढोरांची डॉक्टर आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी तिला पहिली मोटारसायकल घ्यायची आहे, स्कूटी नव्हे, आणि त्यापायी आठ दिवसांपासून आमच्या मेहकरच्या घरात मोबाइलवर गाड्यांचा दाखवण्याचा कार्यक्रम चालला आहे. ही उंच, ती जड, हिचा आवाज गोड, तिचं नाक चपटं. परवा तिनं फोन माझ्या चष्म्याला टेकवला आणि विचारलं, "आजी, तुले कोणती पसंत आहे?"

मी म्हटलं, "दुकानात जा. गाडी जमिनीवर आडवी पाडायला सांग आणि एकटीनं उचल. उचलता आली तर ती तुझी."

तिनं फोन खाली घेतला. "हे तुले कोणं सांगितलं?"

"होती एक," म्हणून मी पाणी प्यायला उठले. सत्तरीच्या बाईला ही एक सोय असते. पाण्यासाठी उठली, औषधासाठी उठली, कुणी संशय घेत नाही.

त्या एकीबद्दल मी तेवीस वर्षांत घरात चकार शब्द काढलेला नाही. त्यांचं नाव प्रमिला तायडे. आमच्या गावच्या उपकेंद्रात त्या नर्स होत्या, सगळे सिस्टर म्हणत. गाव बीबी नावाच्या मोठ्या गावापासून आत आहे. नाव सांगत नाही, कारण या हकिकतीतली काही माणसं अजून तिथल्या पारावर बसतात, आणि एक इथं बसून हे लिहिते आहे. तेव्हा मी तोंडावर त्यांना 'तुम्ही' म्हणे आणि पाठीमागे 'ती'. आता 'त्या' म्हणते. अक्कल उशिरा आली म्हणून तिला दारात उभी ठेवू नये.

सिस्टर बदलून आल्या तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या. बुटक्या, काटक, आणि अंबाडा इतका आवळलेला की भुवया वर ताणल्या जात. त्यामुळे त्या सदा कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारख्या दिसत. प्रत्यक्षात त्यांना कशाचंच वाटत नसे. खांद्याला लसीचा निळा डबा. दर थोड्या वेळानं तो कानाशी धरून हलवायची सवय. आत बर्फ किती उरला आणि पाणी किती झालं, हे त्यांना आवाजावरून कळे. कुणी चहाला बसवायला लागलं की म्हणत, "बर्फ थांबत नसते, बाप्पा." लेकराला सुई टोचून झाली की त्याच्या तोंडाजवळ कान नेत आणि म्हणत, "झालं. आता मले शिव्या दे." लेकरू रडायचं थांबून बघत राही.

आमच्या घरी त्यांचा कप वेगळा होता. वेगळा असं कुणी म्हणत नसे, 'सिस्टरांचा कप' म्हणत असू, जसा काही मानाचाच. त्यांना तो पहिल्याच दिवशी कळला असावा. कारण चहा झाला की त्या तो स्वतः विसळत आणि मोरीजवळच्या कोनाड्यात, मी जिथून काढला होता नेमका तिथंच, पालथा ठेवत.

माझं त्या वेळचं ध्यान कसं होतं तेही सांगते. वय पंचेचाळीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, डी.एड.ची दोन वर्षं पुण्यात काढलेली. एवढ्या भांडवलावर मी साऱ्या गावाच्या बोलण्याला नाक मुरडत असे. माझ्यासारखं अक्षर पंचक्रोशीत कुणाचं नाही, असं गाव मला सांगे आणि मी गावाला. उपकेंद्राच्या फळ्यावर लसीकरणाचे वार दर महिन्याला मी खडूनं लिहून देई, अगदी वेलांट्यांना पीळ देऊन. सिस्टर बाजूला उभ्या राहून म्हणत, "बाई, तुम्ही लिहिलं का मले वाटते आपला दवाखाना खरंच सरकारी हाय."

उपकेंद्राखाली दोन वाड्या आणि एक तांडा होता. तिकडे एसटी नव्हती. सिस्टर डबा घेऊन फाट्यावर उभ्या राहत, आणि जो मोटारसायकलवाला त्या बाजूला निघेल त्याच्या मागं एका अंगानं बसून जात. गाव त्यांना गाडीवर घेई आणि गावच मोजून ठेवी, आज कोणाच्या मागं, काल कोणाच्या. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत याची रोजची हजेरी होई. ती घेणारी मी.

सगळ्यांत जास्त वेळा आबांची गाडी मिळे. आबा म्हणजे गावातले चाळीस एकरांचे धनी, यांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे (गाव त्यांना सर म्हणे), बसण्या-उठण्यातले. आबा मनानं मोठे. कुणावर उपकार केला की तो चार जणांना सांगितल्याशिवाय जेवत नसत. त्या मोबदल्यात त्यांची एकच अपेक्षा असे: त्यांना अशक्तपणा वाटला की सिस्टरांनी घरी येऊन सलाइन लावायची. त्यांना अशक्तपणा महिन्यातून दोनदा वाटे.

एका बुधवारी तांड्यावर लसीकरण होतं. वाटेत आबा मळ्यात थांबले. विहिरीवरची मोटर पाहून येतो म्हणाले. तिथं दोघे ओळखीचे भेटले, हरभऱ्याचा हुळा भाजायला घेतला. सिस्टर दोन तास बांधावर. तांड्यावर पोचल्या तोवर अर्ध्या बाया कंटाळून कामावर गेल्या होत्या. ज्या उरल्या त्यांच्यासमोर सिस्टरांनी डबा कानाशी धरला, उघडून आत पाहिलं आणि परत लावला. म्हणाल्या, "आज नाही."

त्यातली एक, गंगूबाई नावाची, लेकरू काखेत मारून उठली. "आमचा दिवस बुडाला, सिस्टर. तुमाले काय, तुमाले हुळा खायले आबा भेटते."

हे मला सिस्टरांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. चेहरा नेहमीसारखाच, आश्चर्य वाटल्यागत. म्हणाल्या, "बाई, मले मोटारसायकल घ्यायची हाय. तुम्ही मेहकरले सोबत चाला. एकटी बाई पाहून ते मले स्कूटी दाखवतीन."

मी गेले. मैत्रीनं गेले असं लिहायला हात शिवशिवतो आहे, पण मी तमाशा पाहायला गेले.

दुकानातला विक्रेता टाय लावलेला, गळ्याचा घाम पुसत होता. त्यानं आधी आमच्या मागं दाराकडे पाहिलं. "साहेब गाडी लावून येतायत का?"

"कोणते साहेब?"

"चालवणारे."

"मीच चालवणार हाव."

त्यानं लगेच आम्हांला स्कूटीकडे नेलं. सिस्टर खाली बसल्या आणि चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं घालून पाहिली. दोनच गेली. "दादा, आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात हे चाक शंभर पावलं चालन आन् गच्च बसन. मंग मी हिले खांद्यावर घेऊ का डब्याले?"

मग मोटारसायकली. प्रत्येकीवर त्या बसल्या, दोन्ही पाय टेकतात का पाहिलं, डबा मागं ठेवून पाहिला, पुढं टाकीवर ठेवून पाहिला. मायलेज विचारलं नाही, रंग विचारला नाही. शेवटी म्हणाल्या, "आता हिले आडवी पाडा."

विक्रेता हसला. त्या हसत नाहीत हे पाहून थांबला. "मॅडम, नवी गाडी आहे."

"मंग जुनी पाडा. वजन तेच असन."

"पण कशासाठी?"

"मी पडणार हाव. रोज पडन. तिथं शिवारात कोणाले हाका मारू?"

मी दुकानाच्या काचेत स्वतःचा पदर सारखा करत, या बाईशी आपला संबंध नाही असा चेहरा करून उभी. तो चेहरा मला फार चांगला जमे. अखेर मागच्या अंगणात दुरुस्तीला आलेल्या तीन गाड्या एकेक करून आडव्या केल्या. सिस्टरांनी चपला काढल्या, साडी वर खोचली. खाली भावाचा पायजमा घालून आल्या होत्या, म्हणजे घरूनच सगळं ठरवून. त्यांनी गाडीकडे तोंड केलं नाही, पाठ केली. खाली बसून बूड सीटला टेकवलं, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला, आणि मागे मागे चालत निघाल्या. पहिली हलली नाही. दुसरी गुडघ्यापर्यंत आली आणि परत निजली. तिसरी उभी राहिली.

"पेशंट असाच उचलते," धापा टाकत मला म्हणाल्या. "कमरेनं नाही, पायानं. ही घेऊ."

नव्या गाडीच्या मागच्या चाकाला डाव्या अंगानं लोखंडी जाळी होती, साडीगार्ड. मागं एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून असते ती. सिस्टरांनी त्यावर बोट ठेवलं. "हे काढा."

"मॅडम, ते फुकट असतं. लेडीज मागे बसतात त्यांच्यासाठी."

"मी मागं बसणार नाही."

त्यानं पाना आणून ते काढलं. सिस्टरांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलं. "लोखंड हाय. कोणाच्या तरी कामी येईन."

बाजार मंगळवारी भरे. इतर दिवशी संध्याकाळी ओट्यांमागचं मैदान मोकळं असे, तिथं शिकणं सुरू झालं. मी मागचा दांडा धरून धावायची, पर्स काखेत. गाडीला मी धरलं होतं की मला गाडीनं, हे लांबून कळत नसावं. सिस्टर पडत, पण 'पडले' म्हणत नसत. धुळीतून उठून म्हणत, "उतरलो." पायजमा झटकायचा, पाठ लावायची, गाडी उभी करायची. पंधरा दिवसांत मी मागं धावायचं काम उरलं नाही. तरी जात राहिले.

एका संध्याकाळी म्हणाल्या, "बाई, बसा."

"छे हो, मी कुठं."

"कोणी नाही इथं. बसा."

बसले. पुण्यात शिकलेली, वेलांट्यांना पीळ देणारी मी, पंचेचाळिसाव्या वर्षी दोन्हीकडे पाय टाकून बसले. क्लच सोडला आणि वीस पावलं एकटी गेले. त्या वीस पावलांबद्दल मला अजून लिहिता येत नाही, तेव्हा सोडून देते. मग ओट्याला धडकून आडवी झाले. सिस्टर लांबूनच म्हणाल्या, "उतरल्या का? आता उचला."

"तुम्ही या ना."

"मी येत नाही. पाठ लावा."

उचलली. तिसऱ्या दमात, पण मीच उचलली. घरी आल्यावर आधी पायऱ्यांवर बसून घेतलं. यांना सांगितलं, शाळेत कवायत होती.

पुढचं सहा-सात महिन्यांचं चित्र असं: सकाळी नऊला सिस्टरांची गाडी धूळ उडवत वाड्यांकडे जाई, दुपारच्या आत परत येई. बर्फ खडखडत परत येई. तांड्यावर एकही पोर टोचायचं राहिलं नाही. गंगूबाईनं एकदा भर बाजारात त्यांच्या गाडीच्या आरशाला झेंडूचा हार घातला.

आणि गाव नाराज होत गेलं. का, ते त्याला धड सांगता येत नव्हतं. फाट्यावर वाट पाहत उभी असलेली सिस्टर सगळ्यांना सोयीची होती. तिला मागं घेतलं की माणसाला थोडं मोठं वाटे, आणि नाही घेतलं तरीही. आता ती कुणाच्याच अध्यात नव्हती. त्यात आबांना अशक्तपणा वाटला. त्यांचा गडी उपकेंद्रात निरोप घेऊन आला, सलाइन घेऊन घरी या. सिस्टर डबा बांधत होत्या. म्हणाल्या, "आबाले म्हणा दवाखान्यात या. मी तांड्याले निघाली हाव. लयच असन तर माह्या मागं बसून चाला म्हणा, तिकडे लावून देतो."

गडी तो निरोप आबांआधी पारावर घेऊन गेला. गाव दोन दिवस हसलं. आबा हसले नाहीत.

आठवड्याभरानं हे एका कागदावर मुद्दे लिहून घेऊन आले. म्हणाले, "जरा नीट अर्ज करून दे. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी वाचलं. "सिस्टरांच्या विरुद्ध?"

"विरुद्ध काय त्यात? गावाच्या बाजूनं आहे."

मी कागद परत सरकवला. खरंच सरकवला, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे. त्यांनी तो तिथंच राहू दिला. चहा संपवला आणि खिडकीकडे पाहत म्हणाले, "तूही बसली होतीस म्हणे तिच्या गाडीवर, बाजाराच्या मैदानात. आबा सांगत होते. मी म्हटलं, काही तरीच. आमची ही तसली नाही."

मी वहीतला कोरा कागद काढला.

आणि लिहिलं कसं, तर मन लावून. मुद्द्यांत होतं, 'गावातल्या सुना बिघडून राह्यल्या.' मी लिहिलं, 'गावातील स्त्रीवर्गावर विपरीत परिणाम होत आहे.' 'रुग्णांस घरी येऊन सेवा देण्यास उद्धटपणे नकार' हे माझंच वाक्य. 'मोटारसायकल चालवते' या शब्दांआधी 'बेदरकारपणे' हा शब्द मी स्वतःहून घातला. कुणी सांगितलं नव्हतं, तिथं वाक्य जरा उघडं पडत होतं. त्या शब्दासाठी यांनी माझी पाठ थोपटली. समास सोडला, तारीख घातली, एकही खाडाखोड नाही. पहिली सही आबांची. खाली त्या सगळ्यांच्या, ज्यांच्या मागं सिस्टर कधी ना कधी बसल्या होत्या. माझ्या मधल्या सुट्टीतल्या हजेरीशी यादी जवळजवळ जुळत होती. मी स्वतः सही केली नाही. ही माझी त्या काळची नीतिमत्ता.

चौकशीला साहेब आले, शाळेतही आले. मी म्हटलं, "मला काही माहीत नाही, मी शाळेच्या कामात असते." सिस्टरांना त्यांनी तालुक्याला बोलावून घेतलं. बदलीचा कागद आला, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संग्रामपूरकडे.

तेव्हा तांड्यावरच्या बाया पायी चालत गावात आल्या. गंगूबाई पुढं. त्या ग्रामपंचायतीत गेल्या नाहीत, थेट शाळेत माझ्याकडे आल्या. गंगूबाई म्हणाली, "बाई, सिस्टरले जाऊ देऊ नका म्हणून एक अर्ज लिहून द्या. आम्ही साऱ्या जणी अंगठे देतो. तुमच्यावानी अक्षर कोणाचं नाही म्हणते सिस्टर."

मी म्हटलं, "सरकारी माणसाला असं लिहिता येत नाही, गंगूबाई. नियम असतो."

"असं हाय का," ती म्हणाली. आणि विश्वास ठेवून परत गेली.

सिस्टर जायच्या दिवशी शाळेत आल्या. रात्रभर पाऊस होऊन गेला होता, आवारात चिखल. गाडीला मागं ट्रंक, दोन्ही बाजूंना बोचकी, वर भांड्यांचं पोतं. मी सातवीच्या वर्गात होते. त्यांनी दारातून बोलावलं, मी ओसरीत आले. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढून माझ्या हातात दिलं.

"सरांच्या गाडीचं तुटलं हाय ना. पोळ्याले तुमचा पदर गेला होता चाकात. हे नवं हाय, लावून घ्या. तुमाले लागते."

मी म्हटलं, "कशाला उगीच, सिस्टर."

"साहेबांनी मले तो कागद दाखवला," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा, डब्यात किती बर्फ उरला ते सांगावं तसा. "मी पुरा वाचला. एक खोडलेलं नाही कुठं."

एवढंच. त्या वळल्या, गाडीवर बसल्या, पायजमा सारखा केला, किक मारली. माझ्यामागं सातवीच्या मुली खिडक्यांना चिकटल्या होत्या.

फाटकाशी चिखलात मागचं चाक सरकलं आणि ओझ्यासकट गाडी आडवी झाली. पोत्यातली एक पातेली घरंगळत नालीपर्यंत गेली. सिस्टर उठल्या. ओठ हलले, काय म्हणाल्या ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण मला माहीत आहे. मग त्यांनी चपला काढल्या, बोचकी सोडली नाहीत, ट्रंक सोडली नाही, पातेलीकडे पाहिलं नाही. गाडीला पाठ लावली.

गाडीला पाठ लावली की तोंड शाळेकडे येत होतं. हे आधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एक हात हँडलला, एक दांड्याला, आणि त्या मागे मागे चालू लागल्या, पाय चिखलात रुतत, सरकत, पुन्हा रुतत. एवढा वेळ त्या समोर बघत होत्या. समोर ओसरी होती आणि ओसरीत मी, दोन्ही हातांत ते पुडकं धरून. त्या बोलावत नव्हत्या, चिडलेल्याही नव्हत्या. तेच ताणलेल्या भुवयांचं आश्चर्य.

गाडी उभी राहिली. त्या गेल्या.

मी मदतीला दोन पावलं पुढं टाकली होती, असं मी स्वतःला नंतर बरीच वर्षं सांगत आले. टाकली नव्हती.